पुस्तकातला चौकोन

वाचकहो, आपल्या घरात शाळेत जाणारे मूल असेल तर त्याचे एखादे पाठ्यपुस्तक जरा हातात घ्या. सुरुवातीच्या पानांवर, कुठे कुठे धड्यापाशीही, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला दिसेल. हाच चौकोन आता आठवडी बाजारात भाजीवालीच्या पाटीजवळही टांगलेला असतो. तिथे तो पैसे घेण्याच्या कामी येतो. याला क्यूआर कोड म्हणतात. बाजारातला चौकोन आपल्या चांगला ओळखीचा झाला. पुस्तकातला मात्र पुष्कळ घरांत आणि खरे सांगायचे तर काही वर्गांतही, नुसता छापलेलाच राहतो. त्याच्याविषयी आज थोडे बोलू.

हा चौकोन शाळेसाठी जन्मलाच नव्हता. १९९४ साली जपानमध्ये डेन्सो या मोटारींचे भाग करणाऱ्या कंपनीत मासाहिरो हारा नावाच्या अभियंत्याने आपल्या सहकाऱ्यासह तो तयार केला. त्यापूर्वी खोक्यांवर उभ्या रेघांचे पट्टे असत, जसे आपण साबणाच्या वेष्टनावर पाहतो. अशा एका पट्ट्यात वीसेक अक्षरेच मावत. मग एकेका खोक्यावर दहा-दहा पट्टे चिकटवायचे आणि कामगाराने ते एकेक करून वाचत बसायचे! हारा यांनी विचार केला, की रेघा फक्त आडव्या दिशेने वाचल्या जातात. आडवी आणि उभी अशा दोन्ही दिशांनी माहिती भरली तर? काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी पटावर खेळण्याचा गो नावाचा खेळ त्यांच्या डोळ्यांपुढे होता.

रांगोळी घालणाऱ्या आयाबहिणींना ही रचना समजावून सांगायला नकोच. ठिपक्यांची जाळी आधी, नक्षी नंतर. इथे प्रत्येक घर काळे तरी असते, नाहीतर पांढरे. काळे म्हणजे एक, पांढरे म्हणजे शून्य, एवढी दोनच चिन्हे. पण ती ठरावीक क्रमाने मांडली की त्यांतून अक्षरे आणि आकडे उभे राहतात. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन दिसतात ना, ते शेताच्या हद्दीच्या दगडांसारखे. यंत्र आधी ते शोधते. चौथ्या कोपऱ्यात तसा चौकोन मुद्दामच ठेवलेला नाही. म्हणून कागद उलटा धरला आहे की आडवा, हे यंत्राला बरोबर कळते. या दगडांची काळी-पांढरी पट्टी एकास एक, तीन, एक, एक अशा प्रमाणात असते. हे प्रमाण कुठून आले? हारा आणि मंडळींनी मासिके, जाहिराती, खोकी असले पुष्कळ छापील साहित्य तपासले आणि त्यात जे प्रमाण सर्वांत कमी आढळले तेच निवडले. म्हणजे यंत्राचा घोटाळा होणार नाही. किती साधा विचार, आणि किती चिकाटीचा!

आणखी एक गंमत. चौकोनावर शाईचा डाग पडला, कोपरा थोडा झिजला, तरी तो पुष्कळदा वाचता येतो. हे कसे? गुरुजींचा पट आठवा. चार इयत्तांची मुले १८, २१, १६ आणि २०. खाली बेरीज ७५. आता १६ या आकड्यावर पाणी सांडून तो पुसला गेला, तरी बेरजेवरून तो परत काढता येतो की नाही? बेरीज ही एक जादा माहितीच असते, अडचणीत उपयोगी पडणारी. चौकोनातही अशी जादा माहिती भरलेली असते, अर्थात तिचे गणित बरेच खोल आहे. इरव्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनी ते १९६० साली प्रसिद्ध केले. चौकोनाच्या सर्वांत पक्क्या प्रकारात सुमारे ३० टक्के मजकूर बिघडला तरी भागते. वर्षभर दप्तरात राहणाऱ्या पुस्तकाला याहून सोयीचे ते काय!

आता मुख्य मुद्दा. या चौकोनात धडा नसतो. असतो तो फक्त पत्ता. पाकिटावर पत्ता लिहिलेला असतो, माणूस पाकिटावर बसलेला नसतो, तसेच हे. फोनच्या कॅमेऱ्याने चौकोन वाचला की फोन त्या पत्त्यावर जातो आणि तिथे ठेवलेले गाणे, चलचित्र किंवा प्रश्नसंच घेऊन येतो. आपल्या पाठ्यपुस्तकांसाठी हे साहित्य ‘दीक्षा’ नावाच्या व्यवस्थेत ठेवलेले असते. ती ५ सप्टेंबर २०१७ रोजी, म्हणजे शिक्षकदिनी सुरू झाली. त्याच वर्षी महाराष्ट्राने सर्व इयत्तांच्या पुस्तकांत असे चौकोन छापण्याचे ठरवले. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी त्याआधीच आपल्या वर्गाच्या पुस्तकांना असे चौकोन जोडून पाहिले होते. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. ही हकीकत आपण ऐकलीच असेल. मला तिच्यात जास्त मोलाचे वाटते ते हे, की यंत्र प्रयोगशाळेतून वर्गात ढकलले गेले नाही. वर्गातल्या मास्तरांनी आपल्या गरजेपोटी ते ओढून आणले.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, पत्ता हाती आल्यावर पुढचे काम आपले. चौकोन उघडला, चलचित्र लावले, मुले गप्प बसली, तास संपला. याला शिकवणे म्हणता येणार नाही. मुले गप्प बसली म्हणजे ती शिकत होती असे थोडेच आहे? चंद्राच्या कलांचा धडा घ्या. चंद्र अर्धा का दिसतो, असे विचारले तर बरीच मुले, आणि मोठी माणसेसुद्धा, ‘पृथ्वीची सावली पडते म्हणून’ असे सांगतात. ते बरोबर नाही. सावली पडते ती चंद्रग्रहणात. कला होतात त्या चंद्राच्या उजळलेल्या अर्ध्या भागापैकी कमीअधिक भाग आपल्याकडे वळलेला असतो म्हणून. आता तुम्ही चलचित्र आधीच लावलेत, तर मूल ते पाहील, मान डोलावेल आणि मनातली सावली मनातच ठेवील. म्हणून आधी विचारा. पाटीवर किंवा वहीत आकृती काढू द्या. ‘सावलीमुळे’ म्हणणाऱ्यांना तसे म्हणू द्या. मग चलचित्र लावा, आवाज बंद ठेवून, आणि मध्येच थांबवा: ‘आता चंद्र इथे आहे. आपल्याला कसा दिसेल? काढा बघू.’ मुलांनी काढले की पुढे चला.

हे थांबवणे फार महत्त्वाचे आहे. आम्ही आकाशवाणीवर बोलणारी माणसे. एकदा सुरू झालो की श्रोत्याला आम्हाला हात करून थांबवता येत नाही. ‘अहो, मघाचं पुन्हा सांगा’ असे म्हणायची सोय नाही. फोनवरच्या धड्याला ती आहे, आणि माझ्या मते त्याचा सर्वांत मोठा गुण हाच. रंग आणि हालचाल नंतरची.

चित्र कधी कधी खोटेही बोलते, तेव्हा सावध असावे. चंद्र-पृथ्वीचे चलचित्र पाहा: पडद्यावर दोन्ही मावावीत म्हणून चंद्र पृथ्वीच्या अगदी शेजारी काढतात. मग चाणाक्ष मुलगी विचारते, ‘सर, मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही लागत?’ इथे फोन खाली ठेवा आणि एक लिंबू घ्या, सुमारे चार सेंटीमीटरचे. ती पृथ्वी. टपोरा वाटाणा हा चंद्र. आता तो वाटाणा लिंबापासून किती लांब धरायचा? जवळजवळ चार फूट! एवढ्या अंतरावर, त्यातही चंद्राची वाट थोडी तिरपी, तेव्हा वाटाणा बहुतेक वेळा लिंबाच्या सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. हे कोणत्याही पडद्यापेक्षा लिंबाने चांगले कळते.

तसेच, जे अंगणात आहे ते पडद्यावर दाखवण्यात काय हशील? बी रुजतानाचे चलचित्र मुंबईच्या इमारतीत कामाचे असेल. खेड्यात मूठभर मटकी भिजत घाला, दोन दिवसांत मोड येतात. पडद्याने दाखवावे ते धडधडणारे हृदय, ज्वालामुखी, समुद्राचा तळ, आणि ऐकवावी ती चालीवर म्हटलेली कविता, विशेषतः ज्या गुरुजींचा गळा माझ्यासारखा आहे त्यांनी.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, अभ्यास फोनवर येऊ लागला आणि ज्या घरात फोन नव्हता त्या घरची शाळा खरोखरीच बंद पडली. ‘टिलीमिली’सारखी मालिका सह्याद्री वाहिनीवर आली, तिचा आधार झाला, पण दूरचित्रवाणी संचही सर्वांकडे कुठे? आजही पुष्कळ घरांत एकच फोन असतो आणि तो बापाबरोबर रानात जातो, दिवेलागणीला परत येतो. तेव्हा ‘घरी जाऊन चौकोन उघडा आणि उत्तरे लिहा’ असा गृहपाठ देण्यापूर्वी वर्गावर एकदा नजर टाका. त्या मुलाने उत्तर लिहिले नाही तर तो आळशी ठरतो, आणि दोष असतो फोन नसण्याचा. माझे म्हणणे असे, की चौकोन वर्गातच उघडावा, सर्वांनी मिळून.

त्यासाठी एक फोन पुरतो. रेंजची कटकट असेल तर आदल्या संध्याकाळी, जिथे रेंज मिळते तिथे, साहित्य फोनवर उतरवून ठेवा. दीक्षेत ती सोय आहे आणि मग वर्गात इंटरनेट लागत नाही. तेव्हाच ते एकदा पाहूनही घ्या. कधी पत्त्यावर जे मिळते ते आपल्या कामाचे नसते. चौकोन अगदीच फाटला असेल तर त्याच्याखालची सहा अक्षरे-आकडे फोनवर हाताने टाकली तरी चालते. आवाज बारीक येत असेल तर फोन रिकाम्या तांब्यात उभा ठेवून पाहा. आणि मुले चाळीस असतील तर दहा-दहांचे गट करा. एक गट फोनपाशी, बाकीचे लिंबू-वाटाण्यापाशी.

आईबापांचीही एक शंका असते: ‘पोरगं अभ्यासासाठी म्हणून फोन मागतं, पण अभ्यास करतं की खेळतं, हे आम्हा अडाण्यांना कसं कळायचं?’ अगदी सोपे आहे. पाहून झाले की फोन आपल्याकडे घ्या आणि म्हणा, ‘आता मला सांग, काय दाखवलं त्यात?’ आईला एक अक्षर वाचता येत नसले तरी पोर सांगताना कुठे अडखळते, कुठे थापा मारते, हे तिला चांगले कळते. आणि मूल मन लावून सांगू लागले, तर भाकरी थापता थापता तिने एखादा उलट प्रश्नही जरूर विचारावा.