कोयनेच्या पाण्याचं दुसरं टोक

सातारा-सांगलीकरांच्या नेहमीच्या वापरातला गुहागर-विजापूर रस्ता जत, विटा, कराड, पाटण करत हेळवाकला येतो आणि कुंभार्ली घाटाने कोकणात उतरतो. त्याच डोंगराच्या पोटातून कोयनेचं पाणीही उतरतं. पोफळीला टर्बाइन फिरवतं, कोळकेवाडी धरणात येतं, अलोऱ्याला पुन्हा वीज देतं आणि अवजल होऊन वाशिष्ठीत जातं. ही वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते, तिथे खाडीच्या दक्षिण तीरावर अंजनवेल, रानवी, वेलदूरच्या परिसरात महाराष्ट्रातला सर्वांत मोठा गॅसवरचा वीज प्रकल्प उभा आहे. साऱ्या जगाने त्याला ‘दाभोळ’ म्हटलं, पण दाभोळ गाव खाडीच्या पलीकडे, दापोली तालुक्यात. धोपाव्याहून फेरीबोटीने तिकडे जावं लागतं.

कोयनेची क्षमता १,९६० मेगावॉट, अंजनवेलची सुमारे १,९६७. एकाच पाण्याच्या वाटेवर इतक्या तोलामोलाची दोन केंद्रं आहेत, हे घाटावर फारसं कुणाच्या ध्यानात नसतं.

अंजनवेलला तीन ब्लॉक आहेत. प्रत्येकात दोन गॅस टर्बाइन आणि एक वाफेचं टर्बाइन. दाबलेल्या हवेत गॅस जळतो आणि त्या झोताने पाती फिरतात. बाहेर पडणारे वायू तेव्हाही सहाशे अंशांच्या आसपास तापलेले असतात. साध्या गॅस संचात ही धग धुराड्यातून आभाळात जाते. इथे ते वायू बॉयलरच्या नळ्यांवरून नेतात, नळ्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि तिच्यावर तिसरं टर्बाइन चालतं. ब्लॉकच्या एकूण विजेपैकी जवळपास तिसरा हिस्सा असा, जादा गॅस न जाळता मिळतो. जळणातली निम्मी ऊर्जा विजेत उतरते. कोळशाच्या बहुतेक केंद्रांना चाळीस टक्के गाठतानाही दम लागतो, शिवाय राखेचे डोंगर उरतात ते वेगळेच. यंत्र म्हणून हा प्रकल्प देखणा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

घात केला तो कराराने आणि इंधनाने. जून १९९२ मध्ये या प्रकल्पासाठी अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीशी समझोता झाला, डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार. गावकऱ्यांनी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगवास भोगला. ‘अरबी समुद्रात बुडवू’ म्हणत सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप युतीने ऑगस्ट १९९५ मध्ये प्रकल्प रद्द केला आणि पुढच्याच वर्षी नव्या अटींवर पुन्हा स्वीकारला. मार्च १९९९ मध्ये कोयनेच्या शिवाजीसागर जलाशयात लेक टॅपिंग (पाण्याखालून बोगदा जोडणं) होऊन तिथल्या हजार मेगावॉटच्या चौथ्या टप्प्याची वाट मोकळी झाली आणि दोनच महिन्यांनी अंजनवेलचा पहिला टप्पा नाफ्थ्यावर धडधडू लागला. डॉलरशी बांधलेला तिथल्या विजेचा दर वीज मंडळाला पेलेना. मे २००१ मध्ये केंद्र थंडावलं, डिसेंबरात एन्रॉनच दिवाळखोरीत गेली.

२००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी उभी केली. पनवेलमार्गे गॅसवाहिनी आली, यंत्रं पुन्हा फिरली. मग कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आटला आणि २०१३ मध्ये पुन्हा शुकशुकाट. नोव्हेंबर २०१५ मध्ये रेल्वेला वीज देण्याच्या करारावर जेमतेम पाचशे मेगावॉटपुरतं काम सुरू झालं.

टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या पंपांवर ज्यांची द्राक्षं आणि ऊस उभा आहे, त्यांनी या केंद्राकडे लक्ष द्यायला हवं. कृष्णा लवादाने कोयनेचं ६७.५ टीएमसी पाणी विजेसाठी पश्चिमेला वळवायची मुभा दिली आहे. टंचाईच्या वर्षी ते कमी करून पूर्वेला, या पंपांसाठी सोडा, अशी मागणी होते. पण संध्याकाळी राज्याची विजेची मागणी चढते तेव्हा कोयनेचे संच लगेच सुरू होतात, म्हणून ते हवे असतात. गॅसचे संच कोळशाच्या संचांपेक्षा कितीतरी लवकर भार उचलतात. अंजनवेलने या भाराचा वाटा घेतला, तर तेवढं पाणी धरणात राहू शकतं. अडचण इंधनाच्या दराची आहे. द्रवरूप वायू उतरवायचं, वर्षाला पन्नास लाख टन क्षमतेचं टर्मिनल २०१३ पासून केंद्राच्या शेजारीच आहे. तिथला गॅस टंचाईच्या महिन्यांपुरता राखून, त्याचा दर आधीच ठरवून घेणं सरकारला जमण्यासारखं आहे. सांगली-साताऱ्याच्या लोकप्रतिनिधींनी कालवा समितीच्या बैठकीत टीएमसीच्या आकड्यांबरोबर हीही मागणी मांडावी.