पडलेल्याला उचलण्याआधी मान बघा

वडशाहून कुरखेड्याला जा, आरमोरीला जा, नाहीतर वैनगंगेचा पूल ओलांडून ब्रह्मपुरीला जा, रस्त्यावर मोटारसायकलीच जास्त. बाजार, दवाखाना, माहेर, सगळं त्याच गाडीवर. अंधारात रानडुक्कर आडवं येतं, बिनलाईटची ट्रॉली उभी असते. कोणी पडलं की आपण रक्त कुठून येतं ते बघतो. मानेकडे लक्ष जात नाही. म्हणून आज आम्ही मानेबद्दल बोलणार आहोत.

मानेत ७ मणके असतात. सगळ्यात वरच्या मणक्यावर डोकं टेकलेलं असतं. मणक्यांच्या आतून मेंदूकडून आलेली मज्जारज्जूची दोरी खाली जाते. श्वास घेण्याचा निरोप याच वाटेने जातो. आदळल्यावर डोक्याला जबर झटका बसला तर वरचे मणके मोडतात किंवा सरकतात. दोरी तिथे चेपली की श्वासच थांबतो. अंगावर रक्ताचा थेंबही नसतो.

कधी मणका मोडतो, पण दोरी शाबूत राहते. असा माणूस वाचू शकतो. पण आपण दोघांनी हात, दोघांनी पाय धरून त्याला उचलतो, गाडीवर मधात बसवतो. मान लोंबकळते आणि वाचलेली दोरी चेपू शकते.

मग काय करायचं? आधी येणाऱ्या गाड्या थांबवा. १०८ ला फोन लावा. एकीने दोन्ही हातांनी डोकं आहे तसं स्थिर धरावं. पाणी पाजू नका, बसवू नका. श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढू नका, फक्त काच वर करा. उलटी झाली तर डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून सगळ्यांनी मिळून कुशीवर वळवा. श्वास बंद वाटला तर १०८ वरून सांगतील तसं लगेच करा. तेव्हा श्वास आधी, मान नंतर.

पोलिसांची भीती नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चांगल्या मनाने मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

हेल्मेटने मान मोडते, असं काहीजण म्हणतात. अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. मात्र पट्टा लावला नाही तर हेल्मेट आधीच उडून जातं. मागे बसणारीनेही घालावं, आणि पदर चाकात जाणार नाही असा खोचावा.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत एकीला चटईवर निजवा आणि डोकं धरून कुशीवर वळवण्याचा सराव करा. वेळ आली की हात आपोआप चालतील.