जुना संगणक नवी प्रणाली का नाकारतो?

‘विंडोज १०’ला मिळणारा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्या दिवशी कोणाचा संगणक बंद पडला नाही. पण सुरक्षेतल्या नव्या फटी बुजवणे थांबले आणि त्याच यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणाऱ्यांसाठी ही गोष्ट लहान नाही. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे साधारण २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक अपात्र ठरतात. मग लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली पेनड्राइव्हवरून बसवायला घेतली जाते, आणि पडदा काळाच राहतो. ‘मदरबोर्ड गेला’ असे निदान होऊन चांगले यंत्र भंगारात जाते ते इथेच.

खरे तर गाडी नेमकी कुठे अडते, त्यावरून दोष कळतो. पेनड्राइव्ह दिसतच नसेल तर बहुधा दोन पिढ्यांचे भांडण असते. जुनी बायोस पद्धत डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमधला मजकूर वाचून सुरुवात करते. नंतर आलेली यूईएफआय पद्धत ठरावीक फाइल शोधते. पेनड्राइव्ह एकीसाठी तयार केला आणि संगणक दुसरीवर असला, तर तो त्याला रिकामाच वाटतो. पेनड्राइव्ह दुसऱ्या पद्धतीने पुन्हा तयार केला की काम होते.

सुरुवात होऊन पडदा काळा पडला, तर संशय ग्राफिक्स कार्डावर. मिंटच्या सुरुवातीच्या यादीतला ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ त्यासाठीच आहे. दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडत असेल तर रॅम तपासावी, आणि एकाच ठिकाणी अडत असेल तर उतरवलेली फाइल. संकेतस्थळावर त्या फाइलचा ६४ चिन्हांचा ‘ठसा’ दिलेला असतो. आपल्या फाइलचा ठसा काढून ताडून पाहावा. एक बिट जरी बिघडला असेल तरी तो पार बदलतो. ही पाच मिनिटे वाचवण्याच्या नादात अनेकांची रात्र जाते.

सर्वांत फसवा दोष मात्र बटणाएवढ्या सेलचा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा सेल संपला की संगणकाचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे त्याला ‘अजून सुरूच न झालेली’ वाटतात आणि इंटरनेट जोडलेले असूनही काही उतरत नाही. शिवाय बायोसमधल्या नोंदी मूळ स्थितीत जातात; डिस्क जोडण्याची पद्धत त्यात बदलली, तर धडधाकट हार्ड डिस्कही दिसेनाशी होते. डेस्कटॉपमध्ये हा सेल बदलणे सोपे. लॅपटॉपमध्ये तो अनेकदा वायरने जोडलेला असतो, ते काम जाणकाराकडे द्यावे.

मात्र या सगळ्याआधी एक काम. मिंट डिस्कवर न बसवता थेट पेनड्राइव्हवरूनही चालते. तसे चालवून घरचे फोटो आणि कागदपत्रे वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत, आणि त्यातल्या चार फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. ‘इरेज डिस्क’ या पर्यायाला होकार द्यायचा तो त्यानंतरच.