आगेऱ्याची ओंबी

ऑक्टोबरचा पहिला रविवार. वसईच्या पश्चिमेकडच्या एका गावात नुकती सकाळ झालीय. रस्त्याकडेच्या क्रुसाला कुणीतरी अबोलीचा वळेसर घालून गेलंय. फुलं अजून ओली आहेत.

घंटा होते. वाड्यांतून माणसं निघतात. म्हाताऱ्या लाल लुगड्यात, नाती फ्रॉकमध्ये. एकाच्या खांद्यावर केळ्यांचा लोंगर, एका पोराच्या कडेवर भोपळा, त्याच्याएवढाच. आज आगेरा, नव्या पिकाचा सण. लॅटिनमध्ये ‘आगेर’ म्हणजे शेत. सणाचं नाव त्यावरूनच आलं, असं सांगतात.

देवळात (जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात) वेदीपुढे भाताच्या पेंढ्या रचल्यात. धुपाच्या वासात कापलेल्या भाताचा हिरवट वास मिसळलाय. फादर पेंढ्यांवर पवित्र पाणी शिंपडतात. मिस्सा मराठीत चालते. शेजारची आजी कुजबुजते, “आमच्या लहानपणी सगळं लॅटिनमध्ये. कळायचं नाही, तरी गुडघे टेकायचो.” 1960च्या दशकापर्यंत तसंच होतं. आता तिला प्रत्येक ओळ पाठ आहे.

उकाडा वाढतो. पंखे गरगरतात, पाठी भिजतात. ख्रिस्तप्रसादाची रांग मुंगीच्या पावलांनी सरकते. माझ्यापुढचा शेतकरी ओंजळ पुढे करतो. नखांच्या कडांना न निघणारी माती, अंगठ्यावर विळ्याचा जुना वण. त्या वणाशेजारी पांढराशुभ्र प्रसाद टेकतो. मी पाहतच राहतो. इतकं सुंदर या देवळात दुसरं काही नाही, सोनेरी वेदीसुद्धा नाही.

बाहेर पुन्हा रांग, ओंब्यांसाठी. ऊन डोक्यावर आलंय, पण कुणी कुरकुरत नाही. ही श्रद्धा जुनी आहे. 1534 मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली, 1739 मध्ये मराठ्यांनी ती जिंकली. राज्यं बदलली, या वाड्यांतली प्रार्थना चालूच राहिली. आजी ओंबी घेते, दाणे चाचपते. “भरलाय,” म्हणते.

तिच्या घरी गेल्या वर्षीची ओंबी क्रुसामागे खोचलेली आहे, करडी, ठिसूळ. ती हलकेच काढते, नवी खोचते.

संध्याकाळी ओटीवर बसून ती केळीचं सोपट चिरते, पाण्यात टाकते. पहाटे त्यानं फुलांच्या पुड्या बांधायच्यात. सून पहिल्या लोकलने दादरच्या बाजाराला जाईल. तेवढ्यात घंटा होते. हात थांबतात. ओठ हलतात. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा.

मग पुन्हा सोपट.