प्रार्थनेला उत्तर येतं म्हणजे नेमकं काय येतं?

ज्यांचा हेडफोन घरी राहिलाय किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं आहे.

आजचा विषय माझ्या मित्राने दिलाय. खरं तर विषय दिला नाही, चार वर्षांपूर्वी एक प्रश्न विचारला होता आणि मी तो टाळत आलोय. आम्ही दोघंही भंडाऱ्याचे, दोघांचीही घरं ख्रिस्ती. स्कॉटिश मिशनऱ्यांच्या काळापासून इथे आमची छोटीशी वस्ती आहे, म्हणजे रविवारी कोण आलं नाही हे मोजायला हजेरी लागत नाही.

एप्रिल २०२१. दुसरी लाट. बाबांचं ऑक्सिजन ८२ वर आलं. भंडाऱ्यात बेड नाही, नागपुरात नाही, शेवटी रात्री दीड वाजता एका ठिकाणी मिळाला. चर्चच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकला, पाळकसाहेबांनी प्रार्थनेची साखळी लावली, प्रत्येकाला अर्धा तास वाटून दिला. त्याच आठवड्यात, त्याच ग्रुपवर, माझ्या मित्राच्या वडिलांसाठीही तशीच साखळी लागली. तीच माणसं, तेच अर्धे-अर्धे तास. माझे बाबा सतराव्या दिवशी घरी आले. त्याचे वडील चौथ्या दिवशी गेले.

पुढे डिसेंबरमध्ये उपकारस्तुतीच्या उपासनेत मला साक्ष द्यायला उभं केलं. आमच्यात साक्ष म्हणजे देवाने माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं. मी चार मिनिटं बोललो. आम्ही प्रार्थना केली आणि देवाने ऐकलं, असं म्हणालो. लोक आमेन म्हणाले. तिसऱ्या बाकावर माझा मित्र बसला होता. नंतर गेटजवळ गाडी काढताना तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या प्रार्थनेला फोर-जी होतं अन् आमच्या प्रार्थनेला टू-जी, असं होतं का बे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही त्याला पुरेल असं आहे की नाही, माहीत नाही. पण निदान चुकीची उत्तरं तरी बाजूला काढून ठेवू.

तुमच्यातले बहुतेक जण ख्रिस्ती नाहीत, म्हणून आधी थोडं मूळ. येशूने शिष्यांना शिकवलेली एकच प्रार्थना आहे, तिला प्रभूची प्रार्थना म्हणतात. मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांत ती येते. सावकाश म्हटली तरी अर्धा मिनिट लागतो. मी ती लहानपणापासून इतक्या वेळा म्हटलीय की ती मी कधी वाचलीच नव्हती. या भागासाठी एखाद्या दुसऱ्याचा कोड तपासावा तशी बसून वाचली. सुरुवातीला मागणं आपलं नाहीच. देवाचं नाव, देवाचं राज्य, देवाची इच्छा. मग भाकर, तीही फक्त आजची. मग क्षमा, आणि तिला जोडून एक अट, की आम्हीही दुसऱ्यांना केली तशी. मग मोहापासून आणि वाइटापासून सुटका. संपलं. नोकरी नाही, आरोग्य नाही, ऑक्सिजनचा बेड नाही. आणि अजून एक: अख्ख्या प्रार्थनेत "मी", "मला", "माझं" कुठेच नाही. सगळीकडे आम्ही, आम्हाला, आमचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता चर्चमध्ये नेहमी मिळणारं उत्तर. देव प्रत्येक प्रार्थनेला उत्तर देतो, कधी हो, कधी नाही, कधी थांब. सिग्नलच्या तीन दिव्यांसारखं. संडे स्कूलमध्ये मला हे फार पटायचं. नंतर कॉलेजात गेलो, टेस्टिंग शिकलो, आणि गडबड झाली. कुठलंही आउटपुट आलं तरी जी टेस्ट पास होते, तिला आमच्याकडे टेस्ट म्हणत नाहीत. दगडाला मागितलं तरी हो, नाही किंवा थांब यातलं काहीतरी होणारच ना!

आणि लोकांनी खरोखरची टेस्टही करून पाहिलीय. अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन या हृदयरोगतज्ज्ञाच्या टीमने सहा रुग्णालयांतल्या बायपासच्या १८०२ रुग्णांचे तीन गट केले. निकाल २००६ साली छापून आला. पहिल्या गटासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी केली नाही, आणि या दोघांनाही सांगितलं की केली जाईल किंवा नाही. तिसऱ्या गटाला मात्र स्पष्ट सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होणार आहे. ऑपरेशननंतरच्या गुंतागुंती पहिल्या गटात ५२ टक्के, दुसऱ्यात ५१ टक्के, आणि तिसऱ्यात ५९ टक्के. म्हणजे फरक नाही, उलट ज्यांना माहीत होतं त्यांचं थोडं जास्त बिघडलं. कदाचित त्यांना वाटलं असेल, बापरे, आपली तब्येत प्रार्थनेपर्यंत गेली की काय. हा माझा अंदाज हं, पण भंडाऱ्यात पाळकसाहेब अचानक घरी आले की पेशंटचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय.

हा निकाल वाचून माझी श्रद्धा गेली नाही, पण एपीआयवाली श्रद्धा मात्र गेली. म्हणजे इकडून रिक्वेस्ट पाठवली, शेवटी "येशूच्या नावात" हा पासवर्ड लावला, की तिकडून रिस्पॉन्स यायलाच पाहिजे, ही समजूत. आणि गंमत अशी की बायबलनेच ती आधी मोडून ठेवलीय. गेथशेमाने बागेत, पकडला जाण्याच्या रात्री, येशू स्वतः प्रार्थना करतो की हा प्याला माझ्यापासून दूर होऊ दे. पुन्हा पुन्हा तेच मागतो. प्याला टळत नाही, दुसऱ्या दिवशी क्रूस. पौलाने आपल्या शरीरातला काटा काढून टाक म्हणून तीनदा विनवणी केली, काटा राहिला, फक्त तो सोसायला कृपा पुरेल एवढं कळलं. म्हणजे ज्याच्या नावाने आम्ही प्रार्थना संपवतो, त्याचीच सर्वांत कळकळीची मागणी मान्य झाली नाही. मित्राच्या टू-जीला इथे पहिलं उत्तर मिळतं: वडील गेले म्हणजे प्रार्थना कमी पडली, हे ख्रिस्ती माणसाने कुणालाही म्हणू नये. त्याला तोंडावर कुणी तसं म्हटलं नव्हतं. पण माझ्या साक्षीचा तोच अर्थ निघत होता.

मग उत्तर येतं म्हणजे काय येतं? इथे मला पंडिता रमाबाईंशिवाय पुढे जाता येत नाही.

रमाबाईंनी अन्नाविना होणारे मृत्यू स्वतः भोगले होते. त्यांचे आईवडील आणि बहीण उपासमारीच्या दिवसांत गेले. १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन काढलं, त्याला अमेरिकेतल्या एका मंडळाने दहा वर्षांसाठी मदत कबूल केली होती. ती मुदत संपत आली होती. त्या काळात त्यांच्या वाचनात जॉर्ज म्युलर आला. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये हजारो अनाथ मुलं सांभाळणारा हा माणूस, कुणाकडेही पैसे मागायचे नाहीत, फक्त देवाकडे मागायचं, असा त्याचा नियम. माझ्यातला इंजिनिअर लगेच म्हणतो, पण म्युलर दरवर्षी अहवाल छापायचा, आणि लोक तो वाचायचे! पुढे रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनचंही "मुक्ती प्रेअर बेल" नावाचं पत्रक निघायचं. मला यात लबाडी दिसत नाही. देवाकडे मागणारा माणूस गप्प बसतो असं कुणी सांगितलंय?

तर १८९६ च्या सुमाराला लोणावळ्याच्या एका शिबिरात रमाबाईंसोबत पंधरा मुली होत्या, ख्रिस्ताला मानणाऱ्या. रमाबाईंनी देवाकडे मागितलं की पुढच्या शिबिरापर्यंत या संख्येचा वर्ग कर. पंधराचा वर्ग, म्हणजे २२५. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसलो होतो. प्रार्थनेत वर्ग मागणारी बाई! पुढे हसू थांबतं. कारण त्यानंतर मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. आपला भंडारा तेव्हा मध्य प्रांतातच होता. बातमी कळल्यावर रमाबाई उठल्या आणि दुष्काळी भागात गेल्या. सापळे झालेल्या मुली, विधवा, रस्त्यावर सोडून दिलेल्या पोरी गोळा करून आणल्या, शेकड्यांनी. त्यात पुण्यात प्लेग, शहरात ठेवायला परवानगी नाही, म्हणून केडगावच्या उघड्या माळावर झोपड्या.

मागितलेला आकडा पूर्ण झाला. पण देवाने २२५ हा आकडा भरायला दुष्काळ पाठवला का? असं जो म्हणेल त्याच्या देवाशी माझं जमणार नाही. लाखो माणसं एका प्रार्थनेच्या हिशेबासाठी मरत नसतात. मी ते असं वाचतो: जिने वर्ग मागितला होता, तिला दुष्काळाची बातमी आली तेव्हा ती दुसऱ्याची बातमी म्हणून वाचता आली नाही. मागणं तोंडातून गेलं होतं, आता ते पायांवर येऊन पडलं.

माझी आजी हे एका वाक्यात उरकायची. पहाटे पाचला प्रार्थना करून उठली की मला हलवायची आणि म्हणायची, "मागून मोकळी झाली मी, आता तू गायीले पानी दाखवजो."

पण रमाबाईंची गोष्ट इथेच संपवली तर ती पुन्हा माझ्या साक्षीसारखीच होईल, म्हणून पुढचंही. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा, मुक्तीचं काम तीच पुढे नेणार असं सगळं ठरलेलं. जुलै १९२१ मध्ये ती गेली, वय ४०. आईने प्रार्थना केली नसेल का? जिच्या प्रार्थनांच्या गोष्टी परदेशात छापून यायच्या, तिने? त्याच वेळी रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्याचं अनेक वर्षांचं काम संपवत होत्या, केडगावच्याच छापखान्यात, बायकांनीच खिळे जुळवून. शेवटचे प्रूफ तपासायला आणखी दहा दिवस दे, असं त्यांनी मागितलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. प्रूफ संपले आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. दहा दिवस मिळाले, मुलगी मिळाली नाही. ही दोन वाक्यं एकाच बाईच्या आयुष्यात एका वर्षाच्या आत येतात आणि मला त्यांना जोडणारं तिसरं वाक्य सापडत नाही.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आपल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. सात बाळं वाचवता आली, दहा गेली. त्या दिवसांत मी कुणाच्या तरी स्टेटसवर वाचलं होतं की देवाने सात वाचवली. वाचवणाऱ्यांचे हात खरे होते आणि देवाचे आभार मानावेसे वाटणंही मला कळतं. पण त्या वाक्यात दहा घरं बाहेर उभी राहतात. अशा जागी ख्रिस्ती परंपरेत स्पष्टीकरण नाही, विलाप आहे. बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश तक्रारी आहेत: कुठे आहेस, झोपलास का, किती दिवस. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही, आणि तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय. मराठी माणसाला हे परकं वाटायला नको. नामदेव, जनाबाई, तुकोबा विठ्ठलाशी किती भांडले! रेव्हरंड ना. वा. टिळकांना ते नीट कळलं होतं, म्हणून ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी प्रार्थना लिहिल्या त्या अभंगांत. (टिळकांच्या हाती बायबल आलं ते राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात, एका गोऱ्या सहप्रवाशाकडून. नागपूरहून निघालेली ती लाइन आपल्या वरठीच्या स्टेशनावरूनच जाते. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. मला उगाच अभिमान वाटतो.)

आता "आम्ही"कडे परत येतो. मित्राचे वडील गेल्यावर आमच्या ग्रुपवर हात जोडलेले साठेक इमोजी आले. मग माझ्या बाबांचं अपडेट आलं आणि सगळे तिकडे वळले, मी तर पहिला. त्या खरिपात त्याच्या घरी रोवणीला माणूस नव्हता. हे मला दिवाळीनंतर कळलं, तेही दुसऱ्याकडून. चाळीस जणांनी अर्धा-अर्धा तास वाटून घेतला होता, पण तो फक्त माणूस जगेपर्यंत. तो गेल्यावर कुणाचाच अर्धा तास त्या घरासाठी ठरलेला नव्हता. अर्ध्या मिनिटाच्या ज्या प्रार्थनेत "माझं" नाही, ती म्हणणारे आम्ही, आणि मी उभा राहून "माझे बाबा" एवढंच बोललो. रोवणीला गेलो असतो तर त्याचे वडील परत आले नसते, हे मलाही कळतं. पण गेटजवळचा तो प्रश्न त्याला एकट्याला विचारावा लागला नसता.

हा भाग टाकायच्या आधी त्याला कच्चं रेकॉर्डिंग पाठवलं. दोन दिवस ब्लू टिक, उत्तर नाही. काल रात्री व्हॉइस नोट आली, अकरा सेकंदांची. म्हणाला, मनोरमाचं ठेव, कापू नको. आणि उद्या सकाळी धान खरेदी केंद्रावर चल, मागचे चुकारे अडकलेत, ऑनलाइन नोंदणीत काहीतरी घोळ आहे, तू इंजिनिअर आहेस ना.

सात वाजता निघायचंय, त्याचा सातबारा माझ्याच फोनमध्ये आहे.