फी कोण ठरवतो आणि भरतो कोण



सांगानेरला आमच्या गल्लीत एक समज पक्का आहे. निवृत्त फौजी अधिकाऱ्याला कुठलाही सरकारी कागद वाचता येतो. त्यामुळे विजेच्या बिलापासून कोर्टाच्या नोटिशीपर्यंत सगळं माझ्या ओसरीवर येतं. परवा शेजारचा मुलगा आला. घरी कापडछपाईचं काम, वडील दिवसभर ठप्पे मारतात, आणि हा घरातला पहिला कॉलेजात गेलेला. हातात फीची पावती. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, ‘‘अंकल, चुनाव तो हुआ ही नहीं, फिर ये छात्रसंघ शुल्क किस बात का?’’

रक्कम फार मोठी नव्हती, चार कचोऱ्यांची म्हणा. पण प्रश्न मोठा होता, म्हणून आजचा भाग त्यावर.

आधी राजस्थानची हकीकत. इथल्या विद्यार्थी संघाच्या निवडणुका मधली काही वर्षं बंद राहून २०१० साली पुन्हा सुरू झाल्या. कोविडमुळे दोन वर्षं गेली. २६ ऑगस्ट २०२२ ला मतदान झालं, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये तेव्हाच्या सरकारनं निवडणुका घ्यायच्या नाहीत असं ठरवलं. कारणं दिली ती पैशाचा आणि दंडेलीचा वापर, लिंगडोह समितीच्या नियमांचं उल्लंघन, सेमिस्टरचं वेळापत्रक. मग सरकार बदललं, पण २०२४ आणि २०२५ मध्येही मतदान झालं नाही.

कारणं अगदीच खोटी नव्हती. लिंगडोह समितीनं २००६ साली उमेदवाराला खर्चाची मर्यादा घातली ५,००० रुपये, आणि छापील पोस्टरला बंदी, फक्त हातानं केलेलं पोस्टर चालेल. सुप्रीम कोर्टानं त्या शिफारशी लागूही केल्या. आता आमचं सांगानेर हातकागदासाठी प्रसिद्ध. मला वाटलं होतं, चला, आपल्या कागदवाल्यांचे दिवस आले. प्रत्यक्षात निवडणुकीच्या दिवसांत टोंक रोडवर मी जे पाहिलं, ते गाड्यांचे ताफे आणि हवेत उडणारे छापील पत्र्यांचे ढीग.

आपल्या महाराष्ट्राची गोष्ट वेगळी नाही. १९८९ साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला, पुढे थेट निवडणुका थांबल्या आणि गुणवत्तेवर नेमणुका सुरू झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं निवडणुका परत आणल्या, पण कागदावर. २०१९ ला विधानसभेचं कारण झालं, नंतर कोविड.

म्हणजे प्रतिनिधी निवडायचीच ही अवस्था. मग ‘ही फी घ्यावी की नाही’ यावर विद्यार्थ्यांचं थेट मत घेणं आपल्याकडे कुणाच्या डोक्यातही येत नाही. पण जगात हे चालतं. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठाचंच घ्या. तिथं शिकवणीची फी वरचं मंडळ ठरवतं, त्यावर विद्यार्थ्यांचं मत नाही. पण जिमखाना, बससेवा, विद्यार्थी केंद्र अशा कॅम्पसपुरत्या फीसाठी विद्यार्थ्यांचं मतदान घेतात. किती टक्के मतदान झालं तर निकाल ग्राह्य, हे ठरलेलं असतं. जमा रकमेतला एक भाग, साधारण चौथा हिस्सा, गरजू विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी बाजूला काढतात. मंजूर झालं की फी सगळ्यांना, ‘नाही’ म्हणणाऱ्यालासुद्धा. जर्मनीत सेमिस्टरच्या बस-रेल्वे पासाचं असंच आहे. पायी जाणाराही पैसे भरतो, म्हणून तर पास स्वस्त पडतो.

ऐकायला छान वाटतं. पण यात एक मेख आहे, आणि ती मला कुठल्या पुस्तकात नाही, ऑफिसर्स मेसमध्ये कळली.

मेसची मीटिंग होते, तिथं दरमहाचं सबस्क्रिप्शन हात वर करून ठरतं. मी कॅप्टन असतानाची गोष्ट. स्क्वॉशचं कोर्ट दुरुस्त करायचं, त्यासाठी दोन वर्षं जादा पैसे कापायचे, असा प्रस्ताव आला. सगळ्यात उत्साहानं हात वर केला तो माझ्या शेजारच्या मेजरसाहेबांनी. नंतर मी विचारलं, ‘‘सर, तुम्ही तर खेळत नाही.’’ ते हसून म्हणाले, ‘‘अरे, माझी पोस्टिंग आली आहे. पुढच्या महिन्यात मी इथं नाही.’’ ठराव झाला साहेबांच्या हातानं, आणि कपात झाली नंतर आलेल्या लेफ्टनंटांच्या पगारातून. त्यांतला एक माझ्याच कंपनीत आला, घरी पैसे पाठवणारा मुलगा. त्याला मी काय उत्तर देणार? हात मीही वर केला होता.

कॉलेजातही हेच. तीन-चार वर्षांत विद्यार्थी बाहेर पडतो. इमारतीसाठी घेतलेलं कर्ज वीस-तीस वर्षं फिटत राहतं. आज मत देणारा वेगळा, उद्या भरणारा वेगळा. म्हणून ज्या ठरावात फी कधी संपणार याची तारीख नाही, त्याला माझं मत नाही.

दुसरी अडचण बहुमताची. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात १९९५-९६ ला प्रत्येकाकडून वर्षाला ३३१.५० डॉलर फी घेत, आणि तिचा काही भाग विद्यार्थ्यांच्या संस्थांना जाई. साउथवर्थ नावाचा कायद्याचा विद्यार्थी आणि त्याचे सोबती कोर्टात गेले. म्हणणं असं की, ज्यांचे विचार आम्हाला मान्य नाहीत त्यांच्यासाठी आम्ही पैसे का द्यायचे? २००० साली सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं की फी सक्तीची चालेल, पण वाटप करताना कुणाचा विचार कोणता हे पाहायचं नाही. आणि त्याच विद्यापीठात एखाद्या संस्थेचे पैसे मतदानानं देता किंवा तोडता येत होते, त्यावर कोर्टानं बोट ठेवलं. बहुमतानं पैसे वाटले तर थोड्यांचा आवाज बंद पडेल. बस हवी का, यावर मत घ्या. कुणाला बोलू द्यायचं, यावर घेऊ नका. हा फरक मला पटतो.

आता कुणी म्हणेल, मत घेतलं तर पोरं फीला ‘नाही’च म्हणणार. कॅलिफोर्नियात अनेकदा ‘हो’ म्हणाली आहेत, कारण पैसे कशाला हे समोर दिसत होतं. आपल्याकडे भडका उडतो तो बहुतेक वेळा न विचारल्यामुळे. २०१९ ला जेएनयूमध्ये वसतिगृहाचं खोलीभाडं १० आणि २० रुपयांवरून ३०० आणि ६०० झालं, वर महिना १,७०० चा सेवा आकार. आकडे भारी होतेच. पण विद्यार्थी संघाची पहिली तक्रार होती की निर्णयाच्या बैठकीला आम्हाला बोलावलंच नाही. काही भाग मागे घ्यावा लागला, प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं, आणि जानेवारी २०२० मध्ये कोर्टानं तूर्त जुन्या दरानं नोंदणी करू द्या म्हणून सांगितलं. अलाहाबाद विद्यापीठात २०२२ ला ९७५ रुपयांची फी ४,१५१ झाली. तिथला विद्यार्थी संघ २०१९ मध्येच मोडीत निघाला होता. मग बोलणी करायची कुणाशी? मुलं उपोषणाला बसली.

मी काही मोर्चेवाला माणूस नाही. फी वाढूच नये असंही म्हणत नाही, शंभर वर्षांपूर्वीच्या दरानं प्रयोगशाळा चालत नाही. पण फौजेतसुद्धा जवानाच्या पगारातून कापलेल्या रेजिमेंटल फंडाचा हिशेब ठेवावा लागतो, ऑडिट होतं.

तर शेजारच्या मुलाला मी समोर बसवलं. माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला लावला, त्याच्याच हस्ताक्षरात. तीन प्रश्न: २०२३ पासून विद्यार्थी संघाच्या नावानं किती रक्कम जमा झाली, त्यातली कशावर किती खर्च झाली, आणि शिल्लक कुठल्या खात्यात आहे. सोबत दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर. तो जरा घाबरला होता, कॉलेजनं मनात धरलं तर? मी म्हटलं, नाव माझं घाल, मीही नागरिक आहे. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, नको अंकल, फी मी भरली आहे.

अर्ज सोमवारी गेला. उत्तराला ३० दिवस असतात.