बॅटरी मागेल तेवढेच द्यावे

विजेवर चालणारी गाडी आपल्या भागात आता नवलाची राहिलेली नाही. पुणे महानगर परिवहन महामंडळाच्या विजेच्या बसगाड्या फेब्रुवारी २०१९ मध्ये रस्त्यावर आल्या, आणि आज खुद्द चऱ्होलीत अशा बसगाड्यांचे आगार आहे. आळंदीच्या वाटेवर आणि चाकणच्या कारखान्यांच्या दारांत विजेच्या दुचाक्या व रिक्षा उभ्या दिसतात. पेट्रोलच्या पंपावर कसे वागावे हे आपल्याला दोन-तीन पिढ्यांच्या सवयीने कळते. विडी विझवावी, इंजिन बंद करावे, हे कोणी सांगावे लागत नाही. विजेच्या चार्जिंगला अशी सवय अद्याप अंगवळणी पडलेली नाही. तिथे वास येत नाही, काही सांडत नाही, आणि जे दिसत नाही त्याचे भय माणसाला सहसा वाटत नाही. म्हणून आत काय घडते ते आधी समजून घेतले पाहिजे.

मी इंजिनियर नव्हे. उमेदीची वर्षे कामगार संघटनेत गेली, आणि जे शिकलो ते रात्रपाळीच्या वायरमनांना विचारून व हाती येतील ती पुस्तके वाचून. तेव्हा श्रोत्यांनी माझ्याकडून समीकरणांची अपेक्षा करू नये.

बॅटरी भरणे म्हणजे नळाखाली घागर भरणे, असा बहुतेकांचा समज असतो. खरे पाहता ते आजाऱ्याला पेज पाजण्यासारखे आहे. किती, किती गरम आणि कोणत्या वेगाने, हे आजाऱ्याच्या प्रकृतीवर ठरते. बॅटरी ही शेकडो, कधी हजारो लहान सेलांची जोडणी असते. स्कूटरची बॅटरी दोन ते चार युनिटांची, तर मोठ्या बसची दोनशे-तीनशे युनिटांच्या घरातली. प्रत्येक सेलमध्ये लिथियमचे कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकतात आणि तिथल्या ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात. एका प्रचलित जातीच्या सेलचा दाब, म्हणजे व्होल्टेज, ४.२ च्या वर जाऊ द्यायचा नसतो. म्हणून चार्जर आरंभी ठरलेला प्रवाह देतो, आणि सेल भरत आला की दाब स्थिर धरून प्रवाह उतरवीत नेतो. शेवटच्या वीस टक्क्यांना इतका वेळ का लागतो, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. तो वेळ म्हणजे सेलचे संरक्षण होय.

घाई केली तर कणांना थरांत शिरायला सवड मिळत नाही. ते बाहेरच धातूच्या रूपाने साठतात, आणि त्या साठ्यातून सुईसारखे कोंब फुटू शकतात. दोन बाजूंच्या मध्ये प्लॅस्टिकचा एक अतिशय पातळ पडदा असतो. तो कोंबाने फाटला, किंवा सुमारे १३० अंश उष्णतेला वितळला, की आतल्या आत शॉर्टसर्किट होते. त्याने उष्णता वाढते, उष्णतेने रासायनिक क्रिया वाढते, त्या क्रियेने आणखी उष्णता, आणि शेजारचा सेलही त्याच वाटेने जातो. आतले द्रव ज्वालाग्राही असते आणि काही जातींच्या सेलमधून प्राणवायूही सुटतो. त्यामुळे वाळू टाकून हवा तोडली तरी ही आग नुसत्या गुदमरण्याने शमत नाही. पुष्कळ पाणी मारून बॅटरी थंडच करावी लागते.

हे टाळण्यासाठी बॅटरीत एक पहारेकरी बसवलेला असतो. त्याला बीएमएस म्हणतात. तो सेलांचा दाब व तापमान सतत पाहतो. चार्जिंगच्या स्टेशनावरचा चार्जर कितीही बलदंड असला तरी त्याने या पहारेकऱ्याचा हुकूम मानायचा असतो. गन गाडीला लावताक्षणी वीज वाहू लागते, असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. मोटारीच्या साध्या, म्हणजे एसी, चार्जिंगमध्ये एका बारीक तारेवर आधी खुणांची देवघेव होते. गन मोकळी असताना त्या तारेवर १२ व्होल्ट असतात. गाडीला जोडली की ते ९ होतात. गाडी 'मी तयार आहे' म्हणाली की ६ होतात, आणि तेव्हाच मुख्य वीज सोडली जाते. किती प्रवाह मिळू शकेल हे चार्जर त्याच तारेवरच्या स्पंदनांच्या रुंदीने कळवतो. जलद, म्हणजे डीसी, चार्जिंगमध्ये हा संवाद अधिक लांबतो. गन कुलूपबंद होते, केबलमधून कुठे गळती आहे काय ते तपासले जाते, दोन्हीकडचे दाब जुळवले जातात, आणि मग आतला दरवाजा उघडतो. पुढेही गाडी सारखी सांगत राहते, आता इतके दे, आता कमी कर, आता पुरे.

सुरक्षित चार्जिंग म्हणजे हा संवाद अखंड राहणे, असे मी समजतो. अपघातांची बरीचशी कुळकथा तो कुठे तुटला यात सापडते. मूळ चार्जर बिघडला म्हणून बाजारातला स्वस्त चार्जर आणला, तर तो बॅटरीची भाषाच बोलत नाही. दुरुस्ती करणाऱ्याने 'गाडी सारखी बंद पडते' म्हणून बीएमएसला वळसा घालून तार जोडली, तर पहारेकऱ्याच्या तोंडात बोळा कोंबला. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा एक मुलगा भाजला आणि पुढे दगावला. निजलेल्या माणसांच्या खोलीत बॅटरी भरायला लावू नये, हे सांगायला यापेक्षा अधिक काय हवे?

त्याच वर्षी २६ मार्चला शेजारच्या लोहगावात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटली. ती चार्जिंगला लावलेली नव्हती, हे लक्षात ठेवले पाहिजे. सर्व दोष चार्जरच्या माथी मारण्यात अर्थ नाही. सेल मुळात निकोप हवा. त्या वर्षीच्या आगींनंतर दुचाकींच्या बॅटरीसाठी एआयएस-१५६ हे मानक कडक करण्यात आले आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांनी लागू झाले. ही मानके आपल्या पुण्याच्या वेताळ टेकडीवरील एआरएआय ही संस्था प्रसिद्ध करते.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नियमही आहेत. चार्जिंगची केबल आणखी एक वायर जोडून लांबवू नये; सॉकेट जमिनीपासून निदान ८०० मिलिमीटर उंच असावे; गाडीची अर्थिंग तुटली तर पुरवठा आपोआप बंद व्हावा. आपल्या सोसायट्यांतून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलेली वायर पाहिली की हे नियम कोणी वाचले असतील, असे वाटत नाही.

संवाद तुटण्याची आणखी एक तऱ्हा आहे. चार्जर आता तारेने किंवा मोबाइलच्या जाळ्याने दूरच्या कचेरीशी जोडलेला असतो. कोणाची गाडी, कोणाचे खाते, किती पैसे, हे सारे त्यावरून जाते. अनेक चार्जिंग कार्डे नुसत्या क्रमांकावरून ओळखली जातात, आणि क्रमांकाची नक्कल करता येते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियात मॉस्को-सेंट पीटर्सबर्ग महामार्गावरील चार्जर दुरून बंद पाडून त्यांच्या पडद्यांवर राजकीय मजकूर झळकवण्यात आला. आपल्याकडेही चार्जिंग स्टेशनांच्या उपकरणांत कच्चे दुवे असल्याचे अहवाल सीईआरटी-इन या सरकारी संस्थेकडे आल्याचे मार्च २०२३ मध्ये लोकसभेत सांगण्यात आले. पैशांची चोरी हा यातला लहान भाग. चार्जरला हुकूम देणारा भलताच कोणी असेल, तर शंभर बसगाड्या सकाळी रिकाम्या उभ्या राहू शकतात.

आता माझ्या विषयाकडे येतो, म्हणजे गन हातात धरणाऱ्या माणसाकडे. सार्वजनिक बसच्या हल्लीच्या ठेक्यात बस कंपनीची, चालक कंपनीचा, वाहक महामंडळाचा, वीज महावितरणची, आणि चार्जर बनवणारा तिसराच. रात्री गन लावणारा मुलगा बहुधा या सर्वांच्या बाहेरचा, उपठेकेदाराचा. आमच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका ठिकाणी अशा मुलाला केबल हाताला गरम लागली. त्याने तांबडे बटण दाबून ती रांग बंद केली. सकाळी काही गाड्या अर्ध्या भरलेल्या निघाल्या, आणि त्याचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला. गन उघडली तेव्हा आतली पिन काळी पडलेली निघाली. पगार परत मिळवायला आम्हाला दोन आठवडे भांडावे लागले. त्याच भांडणात एक ओळ लेखी करून घेतली: बटण दाबणाऱ्याला कारण विचारावे, दंड करू नये. चार्जर बॅटरीचे ऐकतो, तसे व्यवस्थापकाने या मुलाचे ऐकावे, एवढाच तिचा अर्थ. बीएमएसला आपल्या हद्दीबाहेरचे तापमान कळत नाही. गनच्या दांड्यावरची ऊब प्रथम हातालाच कळते.

आणखी एक मागणी आम्ही सारखी करतो. एकदा धुमसलेली बॅटरी विझल्यावरही काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही पुन्हा पेटते. म्हणून ती गाडी इतर गाड्यांपासून दूर, उघड्यावर ठेवावी लागते. अशी मोकळी जागा आखलेली आहे काय, हे प्रत्येक बैठकीत आम्ही विचारतो. नकाशावर ती असते. जाऊन पाहावे तर तिथे जुने टायर रचलेले असतात.